लेफाना, बारा हजर

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार

ही वही बेबीमावशीने दिली. "रोज चार ओळी लिहीत जा, डोकं एका जागी टिकेल," म्हणाली. बुलढाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं शिकवलंय तिने. तिला वाटतं वहीने काहीही सुधारतं.

तर पहिली ओळ: नोकरी लागली. ऑकलंडच्या पेनरोज भागात, गाद्यांच्या गोदामामागे एक लांबट शेड आहे, छतावर तीन मोठ्या तबकड्या. इथल्या युनिव्हर्सिट्यांना आपसात जोडणारं वेगवान जाळं गेल्या वर्षी सुरू झालं. त्याचं शेपूट उपग्रहावरून समुद्रातल्या बेटांवरच्या शाळांपर्यंत न्यायचं, हे इथलं काम. नऊ बेटं. इकडे ऑकलंडचा प्रोफेसर बोलणार, तिकडे नारळीखालचं पोरगं ऐकणार. मी मध्ये बसून "ऐकू येतंय का?" विचारणारा.

बॉस प्रमोदिनी आगाशे, पुण्याच्या. मी मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "इथे कुणी मॅडम नसतं. नुसतं प्रमोदिनी म्हण." जिभेवर येईना. शेवटी प्रमोदिनीताईवर तडजोड झाली.

"शिक्षण?"

"डिप्लोमा. तीन सेमिस्टर."

"पुढे काय झालं?"

"हजेरी कमी पडली."

हे अर्धं खरं. अंबरनाथला कॉलेजात माझी हजेरी माझा दोस्त रमण लावायचा. माझा त्रेचाळीस नंबर पुकारला की आवाज बदलून तो "येस सर" म्हणायचा, मी तेव्हा मलंगगडावर नाहीतर कुठल्या तरी नदीत. एक दिवस सरांनी मान वर केली आणि म्हणाले, "त्रेचाळीस, उभा राहा." उभं राहायला कोणीच नव्हतं.

मग इथे येऊन लावलेला कोर्सही सोडला, 'ते पुके' नावाच्या गावी किवीफळं तोडली, दोन महिने एका माणसाच्या मेंढ्या हाकल्या. आता टाकानिनीला मावशी आणि दादारावकाकांच्या घरी गराजशेजारच्या खोलीत. चार ओळींच्या वर झालं. बस.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

रोज नऊ ते साडेदहा एकेका बेटाशी दहा दहा मिनिटं बोलायचं. पहिला नंबर लेफानाचा. नकाशात मला ते सापडेना. प्रमोदिनीताईंनी पेन्सिलचं टोक टेकवलं आणि त्या टोकाखाली अख्खं बेट गेलं.

दिवा हिरवा झाला की लाइन जोडली. मी म्हटलं, "हॅलो लेफाना." आणि अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने कानात कोणीतरी म्हणालं, "हॅलो लेफाना." अंगावर काटाच आला. माझाच आवाज, पण जरा म्हातारा झालेला.

"घाबरू नको," ताई म्हणाल्या. "तिकडच्या स्पीकरमधून तू बाहेर पडतोस आणि तिकडच्या माइकमधून परत येतोस."

मग एका बाईचा आवाज आला. मिसेस लोसा. एकतीस वर्षं त्या शाळेत एकटी शिक्षिका. ती इंग्रजीत बोलते, मी आपलं इथे मराठीत उतरवतो.

"पेनरोज, तुम्ही नवे दिसता. आधीचा माणूस इतक्या जोराने श्वास घेत नव्हता."

माझं नाव सांगितलं. तिने एकदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. मी पेनरोजच.

कॅमेरा खाऱ्या हवेने खाल्लाय, त्यामुळे फक्त आवाज. ती नावं घेते, पोरं "प्रेझेंट, मिस" म्हणतात, मी कागदावर खुणा करतो. बारा नावं. मागे सतत काहीतरी चालू असतं: कोणी हसतंय, बाक ओढतंय, एक कोंबडा आणि त्याच्यामागे समुद्र. सगळ्या बेटांत हेच आवडलं मला.

९ मार्च, शुक्रवार

मीटिंग झाली. उपग्रहावरचा वेळ मोजका आहे, रांगेत आणखी बेटं उभी आहेत. ज्या केंद्रावर बारापेक्षा कमी विद्यार्थी, ते केंद्र बंद. लेफानात बरोब्बर बारा आहेत.

मी लोसाबाईंना सांगून टाकलं, सांगायचं नसतं बहुतेक.

"इथे फक्त शाळा बंद होत नाही, पेनरोज. ज्या बेटाला शाळा आहे तिथेच जहाज थांबतं. शाळा गेली की यादीतून बेट गेलं. मग कुणाला परत यायचं असेल तर कसं येणार?"

"पण बारा आहेत ना."

"बारा आहेत," ती म्हणाली.

परतताना डेअरीवर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला घ्यायला थांबलो. तिथल्या म्हाताऱ्याने मुरिवायच्या कड्यावरच्या पक्ष्यांबद्दल सांगितलं, हजारोंनी बसतात म्हणे. शनिवारी जाणार.

२३ एप्रिल, सोमवार

शुक्रवारी लेफानाला जहाज आलं होतं. पाच-सहा आठवड्यांनी येतं. हजेरीच्या मागे मोठ्या माणसांचं गाणं चालू होतं, संथ, एकच ओळ पुन्हा पुन्हा. सुंदर. मी बाईंना विचारलं, सण आहे का? म्हणाल्या, "असंच समजा."

आज गाणं नव्हतं. बाराही हजर. पण वर्ग कसा लांब गेल्यासारखा वाटला. माइक बघायला सांगितलं पाहिजे.

२९ एप्रिल, रविवार

आमच्या गल्लीत नव्या घरांपैकी एकात बेटावरचं कुटुंब आलं. गाडीतून फक्त गाद्या उतरल्या. मावशीने लगेच वरणाचं पातेलं नेऊन दिलं. मुलगी दहाएक वर्षांची, पायांत मोजे, त्यांच्यावर जॅन्डल्स. नाव विचारलं तर म्हणाली, "लुपे."

माझ्या लेफानाच्या यादीतही पाचव्या नंबरला लुपे आहे! तिकडे हे नाव आपल्या प्रशांतसारखं असणार, वर्गात चार तरी.

३० एप्रिल, सोमवार

"लुपे," बाई म्हणाल्या.

"प्रेझेंट, मिस."

म्हटलंच होतं, चार तरी असतील. पण कालच्या पोरीचा आवाज जाड आहे आणि ह्या लुपेचा बारीक झालाय, दाराच्या फटीतून आल्यासारखा. महिन्याभरापूर्वी असा नव्हता.

१७ मे, गुरुवार

लिहू की नको असं होतंय.

गेले पंधरा दिवस हजेरी ऐकताना मानेच्या मागे गार वाटतं. आवाज बारा आहेत. जाड, बारीक, नाकातला, घाईतला. पण प्रत्येक "प्रेझेंट"च्या आधी एक श्वास येतो आणि त्याला शेवटी बारीकशी शीळ आहे. तीच शीळ. बारा जणांच्या छातीत एकच शीळ कशी असेल? आणि हसणं बंद झालंय. बाक ओढणं बंद झालंय. समुद्र मात्र जवळ आलाय.

ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माइकच्या जाळीला मीठ बसलं असेल." असेल.

२१ मे, सोमवार

डबा विसरलो होतो म्हणून मावशी शेडवर आली. जवळच पॅकिंगच्या कामाला जाते. ताई युनिव्हर्सिटीत गेल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, जरा ऐक, आणि आवाज मोठा केला.

ती उभ्यानेच ऐकत राहिली. पाचव्या-सहाव्या नावाला तिने पदर, म्हणजे जॅकेटची बाही, तोंडावर धरली. मला वाटलं घाबरली.

"तीन खरी आहेत," लाइन बंद झाल्यावर म्हणाली. "दुसरं, आठवं आणि शेवटचं. बाकी नऊ ती आहे."

"ती म्हणजे?"

"अरे, मास्तरीण. पट टिकवतेय." मग खाली बसली. "आमच्या वाडीच्या शाळेत वीस पोरं लागायची. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेली की उरायची सात. साहेब आला की मी तेराजणांना हजर लावायची. आजारी आहेत, आत्ताच पाणी प्यायला गेली. दोन वर्षं तशी शाळा ठेवली मी. परत आली तेव्हा त्यांना शाळा होती."

"मग मी काय करू?"

"तुला काय विचारलंय कुणी? तू खुणा कर."

प्रॉक्सी! मी दीड वर्ष प्रॉक्सीवर काढलं आणि मलाच ओळखू आली नाही. रमण फक्त माझ्यासाठी आवाज बदलायचा. ही बाई नऊ जणांसाठी बदलतेय. एकदम हलकं वाटलं. भुतं नव्हती.

२८ मे, सोमवार

आज धीर करून म्हणालो, "मिसेस लोसा, मला माहीत आहे. काळजी करू नका. मी खुणा करत राहीन."

मागे समुद्र. मग, "थँक यू, पेनरोज."

मग तिने सगळं सांगितलं. गुरुवारच्या जहाजाने उरलेली तीन पोरंही घरच्यांसकट गेली. ऑकलंडच्या वर्गांमुळेच परीक्षा पास झाली आणि मोठ्या शाळेत जागा मिळाली. आता बेटावर ती आणि कोंबड्या. मजा आहे, सगळं बेट एकटीचं. तुम्ही का नाही गेलात विचारलं, तर म्हणाली, कुणीतरी यादीत राहायला हवं.

घसा मात्र बसलाय तिचा. बारा आवाज रोज काढायचे म्हणजे काय! तेव्हा माझं डोकं चाललं. म्हटलं, एकदाच रेकॉर्ड करा, नऊ वाजता कॉम्प्युटर आपोआप वाजवेल. इथून बसल्या बसल्या मी तिच्या मशिनवर सगळं लावून दिलं. नऊला माइक बंद, फाइल सुरू. फाइल संपली की लाइनही बंद. वर पासवर्डही घातला, म्हणजे चुकून कुणी मध्ये बोललं असं व्हायला नको. फाइल बदलायची असेल तर लाल बटण दाबून नवीन हजेरी म्हणायची, एवढंच तिने शिकायचं. प्रॉक्सीची प्रॉक्सी. रमणला पत्र लिहून कळवलं पाहिजे.

प्रोफेसरांचे वर्ग तसेही जुलैच्या मध्यापर्यंत बंद. तिने विश्रांती घ्यावी. पायाला प्रवाळाने कापलंय, तिथे गरम लागतंय म्हणाली. मी म्हटलं हळद लावा. हळद नाही तिच्याकडे.

१ जून, शुक्रवार

झकास चाललंय. सातव्या नावानंतर कोंबडा आरवतो, रोज त्याच जागी. मीही त्याच्याबरोबर आरवतो. बारावं "प्रेझेंट" झालं की हेडफोन काढायचा, पुढच्या बेटाची लाइन लागेपर्यंत सात मिनिटं मोकळी. त्यात मी गातो, चिप्स खातो, गाद्यांच्या गोदामातल्या पोराला इथल्यासारखं "स्वीट ॲज", म्हणजे एकदम मस्त, म्हणून हात करतो.

७ जून, गुरुवार

राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला जोडून दोन दिवस मारले. इथल्या कोरोमंडलच्या किनाऱ्यावर वाळू खणली की गरम पाणी लागतं! ताई वेलिंग्टनला होत्या. परत येऊन दोन्ही दिवसांच्या खुणा भरल्या. फाइलच तर आहे.

१४ जून, गुरुवार

कोंबडा आज नवव्या नावानंतर आरवला. मी सातव्याला आरवून मोकळा झालो होतो, फजिती झाली. बाईंनी नवी हजेरी म्हटलेली दिसते. हौशी आहेत. आवाज जरा घोगरा.

बारा झाले, हेडफोन काढला. बाहेर एका सीगलने कुणाचं तरी मटण-पाय, म्हणजे इथली भरलेली पेस्ट्री, पळवलं, अख्खं.

२२ जून, शुक्रवार

पुन्हा नवी हजेरी. कोंबडा नाहीच. नावं इतकी सावकाश, की दोन नावांच्या मध्ये मला माझ्या हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. "लुपे", मग खूप वेळ काही नाही, मग तो दाराच्या फटीतला आवाज. बारावं नाव येईपर्यंत चहा गार झाला.

आणि एक गंमत. एरवी बाराव्या नावानंतर दिवा विझतो. गेला आठवडाभर तो नंतरही थोडा वेळ हिरवा राहायचा, आज चार मिनिटं राहिला. मी गात होतो आणि तो माझ्याकडे बघत होता. टायमर बिघडला असेल. दिव्यावर चिप्सचं पाकीट ठेवलं.

१ जुलै, रविवार

जेवताना मावशीने विचारलं, "तुझी मास्तरीण काय म्हणते?"

"मस्त. हजेरी आता मशीनच घेतं." आणि माझी सगळी करामत सांगितली. मला वाटलं हसेल.

"आणि हजेरीनंतर काय सांगते?"

"काही नाही. बारा झाले की संपलं."

"मघाशी म्हणालास दिवा चार मिनिटं चालू असतो."

"टायमर—"

"मैत्रेय, हजेरी झाल्यावर गप्प बसणारी मास्तरीण मी पाहिली नाही. हजेरी झाली की वर्ग सुरू होतो. तू शेवटपर्यंत कधी ऐकलंयस?"

दादारावकाका टीव्हीकडे बघत होते, त्यांनी आवाज बंद केला. मी ताट बाजूला सारलं.

२ जुलै, सोमवार

मावशी कामावर गेली नाही. नऊला दोघं बसलो. बारा नावं. बारावं "प्रेझेंट, मिस." माझा हात सवयीने हेडफोनकडे गेला, तिने तो धरून ठेवला.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बाईंचा स्वतःचा आवाज. जसा आला तसा लिहितो.

"पेनरोज, लेफाना बोलतेय. मागच्या वेळी सांगितलं ते पुन्हा सांगते, कदाचित तिथे नीट पोचलं नसेल. पाय मांडीपर्यंत काळा पडलाय. ताप उतरत नाही. जहाजाशी बोलायचा रेडिओ खालच्या घरात आहे, तिथवर मला जाता येत नाही. मी वर्गातच चटई टाकलीय, स्पीकर उशाशी घेतलाय. नऊ वाजता माइक उघडत नाही, म्हणून अशी बोलतेय. हजेरी आधी म्हटली आहे, ती नीट लावा. तुमचं सगळं ऐकू येतं मला. काल तुम्ही गात होतात. छान गाता. पण गाणं झाल्यावर माझ्याशी दोन शब्द बोला. पेनरोज, आहात का?"

मग अडीच मिनिटं काही नाही. उत्तरासाठी सोडलेली जागा. मग दिवा विझला.

मावशी म्हणाली, "किती दिवस वाजतंय हे?"

हे, दहा. आधीचं, ज्यात कोंबडा नवव्याला आरवला, ते धरून अठरा. आधीचं आता पुसलं गेलं. त्यात काय म्हणाली ते कधीच कळणार नाही.

ताईंना सगळं सांगितलं. खुणा, कोरोमंडल, पासवर्ड. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला, मग फोन उचलला. अकरा वाजेपर्यंत जहाज वळलं होतं. गुरुवारी सकाळी पोचेल, त्याआधी पोचेल असं काहीच त्या समुद्रात नाही.

"तू बोलत राहा," म्हणाल्या. "बाकीच्या आठ शाळांचा दिवसभराचा वेळ मी उद्या सकाळपासून लेफानाला जोडते." आठही शाळांनी हो म्हटलं.

३ जुलै, मंगळवार

पासवर्ड काढला, माइक सतत उघडा राहील असं केलं. वारा. एक झडप आपटतेय. कोंबडा आहे, जिवंत आहे. आणि आणखी एक आवाज, येतो आणि जातो, येतो आणि जातो.

"श्वास आहे," मावशी म्हणाली.

"लाट आहे," ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "माहीत नाही."

मी आणि मावशी आळीपाळीने बोलतोय. हॅलो मिसेस लोसा, जहाज निघालंय. माझं इंग्रजी दीड तासात संपलं. गाणी झाली. मावशीने पाढे म्हटले, एकोणतीसपर्यंत. प्रत्येक वाक्य तिकडच्या वर्गात जाऊन म्हातारं होऊन परत येतं.

४ जुलै, बुधवार

आज ही वही वाचून दाखवली. पहिल्यापासून. मराठीतच, बदलायचं त्राण नव्हतं. जूनची पानं आली तेव्हा मावशी उठून बाहेर गेली. मी वाचलं. चिप्सचं पाकीट ठेवलं तेसुद्धा वाचलं.

तो येणारा-जाणारा आवाज दुपारी होता. संध्याकाळी मला वाटलं होता.

५ जुलै, गुरुवार

नऊला हजेरी सुरू झाली. कालही झाली होती; टायमर काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि फाइल तिकडच्या स्पीकरवरही वाजते. मी हजेरीवरून बोलत होतो, तिच्या आवाजावर माझा आवाज. आठव्या नावाला पावलं ऐकू आली. बरीच माणसं. दार घासून उघडलं. कुणीतरी तिला हाक मारली, नुसतं "लोसा". आणि त्याच वेळी ती फाइलमधून नववं नाव घेत होती. ती माणसं जागीच थांबली असावीत. पावलं एकदम थांबली.

"प्रेझेंट, मिस," वर्ग म्हणाला.

मी बोलत राहिलो. काय बोलत होतो आठवत नाही. मग माइकजवळ एका पुरुषाचा आवाज आला, मऊ, थकलेला.

"पेनरोज? आता थांबलात तरी चालेल."

नंतर ताईंनी विचारलं, केव्हा? जहाजावरचा माणूस म्हणाला, सांगता येत नाही. आठवडा नक्की झाला नसेल. दोन दिवस, एक दिवस, कदाचित त्याहूनही कमी. स्पीकर कानाला लावलेला होता, हात त्याच्यावर.

दोन दिवस की एक, हे मी ताईंना त्याला पुन्हा विचारायला लावलं. तो म्हणाला, मी डॉक्टर नाही, पोरा.

९ जुलै, सोमवार

तिला तिथेच, शाळेमागे पुरलं. जहाज निघून गेलं. मी ताईंना सगळं लिहून दिलं, सहा पानं. नोकरीचं काय ते ठरेल. दुपारी बारापासून लेफाना बंद.

सकाळी मावशीबरोबर लुपे आणि तिची आई आल्या. मी लुपेला विचारलं, तुझी शाळा कुठली होती? तिने यादीवरच्या पहिल्या शब्दावर, लेफानावर, बोट ठेवलं. चार तरी असतील, असं मी लिहिलं होतं.

नऊ वाजले. मला वाटलं होतं तिथे कोणीतरी मशीन बंद केलं असेल. दिवा हिरवा झाला. तिकडे छतावरच्या सौर पट्ट्यांवर ऊन आहे, बॅटरी भरलेली, रिकाम्या वर्गात कॉम्प्युटरने आपलं काम सुरू केलं.

नावं सावकाश येत होती. लुपेची आई भिंतीला टेकली. "लुपे," बाई म्हणाल्या. बराच वेळ काही नाही. मग तो दाराच्या फटीतला बारीक आवाज, "प्रेझेंट, मिस." आणि माझ्या शेजारून, जरा उशिराने, जाड आवाजात, "प्रेझेंट, मिस."

बारा झाले. मी हेडफोन काढला नाही. पाय, ताप, रेडिओ, चटई. काल तुम्ही गात होतात.

"पेनरोज, आहात का?"

अडीच मिनिटांची जागा सुरू झाली. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. त्रेचाळीस, उभा राहा. मी उभा राहिलो आणि माइकमध्ये म्हणालो,

"हजर."

अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने, त्या वर्गातून, समुद्राच्या आवाजावरून, कोणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, हजर.